सहावीतला मुलगा नववीचं गणित सोडवतोय, आता पुढे काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल: मुलगा सहावीत, सेमी इंग्लिश, सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी. पाचवीच्या स्कॉलरशिपला चांगला नंबर आला, सुट्टीत मावसभावाचं नववीचं बीजगणिताचं पुस्तक घेऊन बसला आणि अर्धं संपवलं. पण शाळेत गणितात ८० च्या आसपास अडकतो कारण स्टेप्स लिहीत नाही, नुसतं उत्तर लिहितो, आणि बाईंनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं की उत्तर कुठून पाहिलंस. आता घरात दोन मतं आहेत, त्याच्या बाबांना वाटतं पुण्याला आत्याकडे ठेवून आयआयटी फाउंडेशनला घालावं, तुम्हाला वाटतं एक वर्ग वर चढवता येतो का बघावं.

मी नाशिकला २७ वर्षं हायस्कूलला गणित शिकवतोय आणि त्यातली १८ वर्षं रविवारी सकाळी दहा-पंधरा पोरांना घेऊन बसतो, फी नाही, सिलॅबस नाही, एक फळा आणि चहा. त्यातून जे दिसलं ते सांगतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, दोन्ही नको. फाउंडेशन पण नको आणि वर्ग चढवणं पण नको. त्याला पुढे पळवू नका, खोल जाऊ द्या, आणि अशी गणितं द्या की ज्यात तो अडकेल. अडकेल म्हणजे खरंच अडकेल, दोन-दोन दिवस. का ते आता जरा पसरून लिहितो.

पहिली गोष्ट, त्याला खरंच गणिताची वेगळी जाण आहे की तो नुसता फास्ट आहे हे कसं ओळखायचं. स्कॉलरशिपच्या नंबरावरून मी तरी ठरवणार नाही, त्यात सराव आणि वेग खूप मोजला जातो. पैकीच्या पैकी मार्कांवरून तर अजिबात नाही, माझ्याकडे १०० पैकी १०० वाली कितीतरी मुलं आली ज्यांना "पण हे असं का होतं" विचारलं की ती माझ्याचकडे बघायची. उलट एक पोरगा होता, पाढे चुकायचा, सात आठे चोपन्न म्हणायचा, आणि त्याने सहावीत मला विचारलं की सर दोन मूळ संख्यांची बेरीज मूळ संख्या कधी येते, मग स्वतःच म्हणाला की त्यातली एक २ असायलाच पाहिजे नाहीतर बेरीज सम होते. हा प्रश्न त्याला कोणी दिलेला नव्हता. मी असलं काही शोधत असतो, म्हणजे पोरगं एका उदाहरणावरून "नेहमीच असं होतं का" कडे आपणहून जातं का, एकसारखी पंधरा गणितं करायचा कंटाळा करतं का, मधल्या पायऱ्या गाळून उडी मारतं का. तुमच्या वर्णनात तिसरी खूण स्वच्छ दिसतेय. कृतेत्स्की नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाने अशा मुलांचा बरीच वर्षं अभ्यास केला होता, त्याने पण हेच नोंदवलंय की गणिती डोक्याच्या मुलांचा विचार आखूड होतो, चार पायऱ्यांचं काम ती एका पायरीत उरकतात. म्हणजे तुमचा मुलगा कॉपी करत नाहीये, त्याला मधल्या पायऱ्या दिसतच नाहीत, आपल्याला "मी चालतो तेव्हा आधी गुडघा वाकवतो" हे कुठे जाणवतं, तसंच.

दुसरी युक्ती मोजण्याची. वर्गाच्या पेपरात सगळी हुशार मुलं ९५ ते १०० मध्ये कोंबली जातात, उंच पोराला तीन फुटी पट्टीने मोजल्यासारखं, पट्टीच संपते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅनलीने १९७१ मध्ये हाच मुद्दा धरून काम सुरू केलं, बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेज प्रवेशाची परीक्षा द्यायला लावली आणि मग वर्गात सारखी दिसणारी मुलं एकमेकांपासून किती लांब आहेत ते दिसलं. घरी करायचं असेल तर आठवीच्या स्कॉलरशिपचा जुना गणिताचा पेपर द्या, वेळ लावू नका, आणि मार्क मोजण्यापेक्षा जे प्रश्न त्याने पूर्वी कधीच पाहिले नाहीत त्यांच्याशी तो काय करतो ते बघा. सोडून देतो, की कागदावर काहीतरी खरडत बसतो. खरडत बसत असेल तर काळजी नको.

आता पुढे पळवू नका का म्हणतो ते. ही माझी स्वतःची चूक आहे म्हणून जरा सविस्तर. नोकरीच्या सहाव्या-सातव्या वर्षी एक पोरगा आला होता पाचवीतला, मी इतका खूश झालो की दोन वर्षांत त्याला दहावीपर्यंतचं सगळं शिकवून टाकलं, वर्गसमीकरण, त्रिकोणमिती, लॉगरिदम सुद्धा. लोक त्याला बघायला यायचे. तो सूत्र बघायचा, दोन उदाहरणं बघायचा आणि धडाधड सोडवायचा. मग नववीत त्याला गणित ऑलिम्पियाडच्या विभागीय फेरीला, म्हणजे आरएमओला बसवलं. तीन तास, सहा प्रश्न. तो पाऊण तासात बाहेर आला. म्हणाला सर, एकही प्रश्न येत नाही, हे शिकवलंच नव्हतं. खरं तर त्यातल्या दोन प्रश्नांना आठवीच्या पलीकडचं काहीच लागत नव्हतं, भाज्यता आणि थोडी डोकेफोड, बस. पण त्या पोराला दहा मिनिटांच्या वर एका गणितापुढे बसायची वेळ आयुष्यात आलीच नव्हती, मीच येऊ दिली नव्हती. त्याला वाटलं आपली हुशारी संपली. त्यानंतर तो रविवारी यायचा बंद झाला. आता चांगल्या नोकरीला आहे, भेटला की पाया पडतो, पण गणिताचा विषय निघाला की हसून टाळतो. मला ते आजही बोचतं.

तर खोल म्हणजे काय. आमच्या नाशिकजवळच्या देवळालीत एक शाळामास्तर होते, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, बीएस्सी झालेले, संशोधन संस्था नाही, पीएचडी नाही, शाळेत शिकवायचे आणि आकड्यांशी खेळायचे. त्यांना १९४९ मध्ये ६१७४ सापडला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, येणाऱ्या उत्तराला परत तेच. ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि तिथेच अडकतं, पुढे काहीही करा ६१७४ च. जास्तीत जास्त सात वेळा करावं लागतं. १९७५ मध्ये गणिताच्या कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने अमेरिकेत त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला कळलं, तोपर्यंत इथे बऱ्याच जणांना मास्तरांचा चाळाच वाटायचा. (त्यांनी शोधलेल्या दुसऱ्या एका प्रकारच्या संख्यांना डेम्लो संख्या म्हणतात, ते नाव डोंबिवली स्टेशनवरून आलंय हे पोरांना सांगा, ती फार खूश होतात.)

हे बहुतेक क्लासवाले जादू म्हणून दाखवतात आणि सोडून देतात. मी काय करतो, तीन अंकी घ्यायला लावतो. पोरं करतात, सगळ्यांचं ४९५ येतं. मग विचारतो, तुमच्यातल्या पंधरा जणांचं आलं ठीक आहे, पण प्रत्येक संख्येचं येणार कशावरून? इथे शांतता होते. कोणीतरी म्हणतं सर सगळ्या ९०० करून बघू. करा म्हणतो. वीसेक झाल्या की कोणाच्या तरी लक्षात येतं की वजाबाकीत मधला अंक प्रत्येक वेळी ९ च येतोय. का? मग कोणीतरी मोठा अंक अ, मधला ब, लहान क असं मांडतं आणि दिसतं की वजाबाकी ९९ गुणिले (अ वजा क) होते, ब उडूनच जातो. म्हणजे पहिल्याच पायरीनंतर उत्तरं फक्त नऊ असू शकतात, ०९९, १९८, २९७ असं करत ८९१ पर्यंत. ९०० तपासायच्या होत्या त्या नऊवर आल्या! नऊ तपासल्या की संपलं, सिद्धता झाली, आणि ती सहावीतल्या पोराची स्वतःची सिद्धता. मग लगेच दोन अंकी बघा म्हणायचं, तिथे गंमत वेगळीच, ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९, गोल गोल फिरत राहतं, एका ठिकाणी थांबतच नाही. मग पाच अंकी? अशी एक वजाबाकी दोन महिने पुरते. यात नववीचं पुस्तक कुठेच लागलं नाही, तिसरीची वजाबाकी लागली.

अजून एक देतो, हे तुमच्या मुलासाठीच. १५ हा लागोपाठच्या संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येतो, ७+८, ४+५+६, १+२+३+४+५, तीन प्रकारे. ९ दोन प्रकारे, ४+५ आणि २+३+४. मग कोणत्या संख्या अशा लिहिता येतच नाहीत? माझ्याकडे एक सातवीतली मुलगी होती, तिला तीन रविवार लागले. पहिल्या रविवारी तिने १ ते ४० चा तक्ता केला आणि म्हणाली २, ४, ८, १६, ३२ येत नाहीत (१ चं काय करायचं यावर दोघांचं भांडण झालं ते वेगळं), आणि ६४ पण येणार नाही बघा. मी म्हटलं कशावरून? पुढच्या रविवारी आली ती म्हणाली विषम सगळ्या येतात ते कळलं, मधून तोडायची, २१ म्हणजे १० आणि ११. पण १६ का येत नाही ते कळत नाही. मी काही बोललो नाही. खरं सांगतो, न बोलणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे, जीभ शिवशिवते. तिसऱ्या रविवारी दारातूनच ओरडली, सर, विषम भाग लागतोच! तिचं म्हणणं असं होतं: लागोपाठच्या संख्या मोजून विषम असतील, समजा पाच, तर बेरीज मधल्या संख्येच्या पाचपट, म्हणजे ५ ने भाग जाणारच. मोजून सम असतील तर पहिली आणि शेवटची मिळून विषम येते, दुसरी आणि शेवटून दुसरी मिळून तेवढीच, म्हणजे परत विषम संख्येची पट. आणि १६ ला १ सोडून विषम भाजक आहे कुठे? झालं. अजून दोन महिन्यांनी तिने हे पण शोधलं की किती प्रकारे लिहिता येईल ते विषम भाजक मोजून कळतं, पण ते तुमच्या पोराला सांगू नका, त्याला सापडू द्या.

आता शाळेचं. आधी बाईंवर रागावू नका. साठ पोरं, पोर्शन, वरून पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरायची कामं, त्यात एक पोरगा नुसतं उत्तर लिहितो, शंका येणं साहजिक आहे. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं हे खरं. तुम्ही एकट्या भेटायला जा, मुलाला नेऊ नका, आणि "आमचा मुलगा फार हुशार आहे" हे वाक्य तोंडातून काढू नका, ते वाक्य ऐकलं की आम्हा शिक्षकांची कानं बंद होतात, अनुभवाने सांगतो. एक छोटी विनंती करा: सरावसंचातली शेवटची, सगळ्यात अवघड चार गणितं त्याने आधी स्टेप्ससकट सोडवली आणि बरोबर आली तर बाकीची त्याला माफ करता येतील का, आणि उरलेल्या वेळात त्याने मागे बसून स्वतःच्या वहीत काम केलं तर चालेल का. ह्यात बाईंचं काम वाढत नाही त्यामुळे बहुतेक वेळा हो म्हणतात. एक मात्र बघा, अशा पोराला वर्गाचा छोटा मास्तर करायची टूम निघते, रोज कच्च्या मुलांना शिकवायला बसवतात. कधीमधी ठीक आहे, समजावून सांगताना त्याचंही पक्कं होतं, पण रोज तेच असेल तर तो स्वतः काय शिकला?

आणि स्टेप्सचं त्याला असं पटवा. "मार्क जातात म्हणून लिही" याने अशी पोरं ऐकत नाहीत, त्यांना ते बावळटपणाचं वाटतं. त्याला सांगा की तू असं लिही की तुझा मित्र, जो त्या दिवशी आजारी होता, त्याने तुला एकही प्रश्न न विचारता तुझी वही वाचून समजून घेतलं पाहिजे. मग मित्राला खरंच वाचायला द्या. जिथे मित्र अडेल तिथे एक ओळ वाढवायची. दोन महिन्यांत लिखाण सुधारतं. हे नुसतं शाळेपुरतं नाहीये, पुढे ऑलिम्पियाडला हेच नडतं, पहिल्या पायरीला फक्त उत्तर भरायचं असतं तिथे पोरं तरतात आणि पुढच्या पायरीला पूर्ण सिद्धता लिहायची असते तिथे धडपडतात, डोक्यात सगळं बरोबर असून.

वर्ग चढवण्याबद्दल. आपल्या आजोबांच्या काळात एका वर्षात दोन यत्ता करणारे असायचे, आता वयाप्रमाणे वर्ग हाच सगळा हिशोब आहे, शाळा तयार होणं अवघड, आणि झाली तरी माझ्या मते फायदा थोडा. कारण तो गणितात तीन वर्षं पुढे असला तरी मराठीत, इतिहासात, आणि मैदानावर कबड्डीत तो अकरा वर्षांचाच आहे ना. टेरेन्स ताओचं उदाहरण सगळे देतात, ऑस्ट्रेलियातला, १९८६ मध्ये दहाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडला ब्राँझ, पुढच्या वर्षी सिल्व्हर, त्याच्या पुढच्या वर्षी गोल्ड, २००६ ला फील्ड्स मेडल, म्हणजे गणितातला सगळ्यात मोठ्या सन्मानांपैकी एक. लोकांना एवढंच माहीत असतं. त्याच्या आईवडिलांनी काय केलं ते कोणी सांगत नाही. गणिताला तो मोठ्या मुलांच्या वर्गात बसायचा आणि बाकीच्या विषयांना त्यामानाने खालच्या वर्गात, प्रत्येक विषयाची गाडी वेगळी. पदवी आणखी लवकर उरकता आली असती पण त्यांनी मुद्दाम घाई केली नाही, पूर्णवेळ विद्यापीठात चौदाव्या वर्षी पाठवला. आता आपला पोरगा ताओ नाहीये, ते डोक्यातून काढा, पण रीत घेण्यासारखी आहे. शाळा लहान असेल, हेडसर ओळखीचे असतील, तर आठवड्यातून दोन तास आठवीच्या गणिताला बसू देतील का एवढं विचारा. नाही म्हणाले तर सोडून द्या, त्यावाचून अडत नाही.

फाउंडेशन. बाबांना राग येईल पण लिहितो. सहावीत सुरू होणाऱ्या बहुतेक फाउंडेशनमध्ये काय असतं तर आठवी नववी दहावीचं पोर्शन लवकर, पातळ करून, आणि एमसीक्यूचा मारा. म्हणजे मी त्या पोराबरोबर जी चूक केली तीच, फक्त एसी वर्गात आणि पैसे घेऊन. शिवाय अकराव्या वर्षी घर सोडून आत्याकडे. जेईई द्यायची असेल तर दहावीनंतर दोन वर्षं नीट केली तरी अशा पोराला पुरतात, आणि तोपर्यंत त्याने स्वतःच्या डोक्याने शंभरेक अवघड गणितं सोडवलेली असतील तर फिजिक्स केमिस्ट्रीलाच वेळ द्यावा लागेल. अबॅकस, वैदिक गणित याबद्दल पण विचारलंय तुम्ही, आवडत असेल तर करू दे, पत्ते खेळल्यासारखं, पण तो वेगाचा खेळ आहे. २३ गुणिले ४७ दोन सेकंदात येणं आणि वर लिहिलेलं ४९५ चं कारण सापडणं, यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

बरं, मग काय करायचं ते. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, १९७६ मध्ये श्रीराम अभ्यंकरांनी सुरू केलेलं. अभ्यंकर अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात प्रोफेसर होते, बीजभूमितीतलं जगातलं मोठं नाव, आणि हा माणूस शाळेतल्या बीजगणिताची ताकद सांगताना थकायचा नाही. ही संस्था पाचवी सहावीच्या मुलांसाठी बीएमटीएससी नावाची परीक्षा घेते, तिचे जुने पेपर मिळवा, तुमच्या मुलाच्या वयाला अगदी बरोबर आहेत, स्कॉलरशिपपेक्षा वेगळ्या चवीचे. गणित अध्यापक महामंडळाच्या प्रावीण्य, प्रज्ञा परीक्षा तुमच्या भागात असतील तर शाळेत विचारा. ज्ञान प्रबोधिनीचं नाव कोणीतरी सुचवेलच, १९६२ मध्ये आप्पा पेंडशांनी सुरू केलेली, प्रज्ञावान मुलांवर एवढं जुनं काम आपल्याकडे फार कुणाचं नाही, पण शाळा निवडक मुलांची आणि त्यासाठी घर हलवणं मला पटत नाही. घरची परिस्थिती बेताची असेल तर आठवीत एनएमएमएस या सरकारी शिष्यवृत्तीची परीक्षा विसरू नका, वर्षाला १२००० रुपये बारावीपर्यंत मिळतात, पुस्तकांचा खर्च तरी निघतो.

आठवीपासून आयओक्यूएम देता येते, गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी. तीस प्रश्न, तीन तास, १०० मार्क, प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधला पूर्णांक, ओएमआरवर भरायचं. त्यातून आरएमओ, मग जानेवारीत राष्ट्रीय फेरी आयएनएमओ, मग उन्हाळ्यात कॅम्प, आणि शेवटी देशातून सहा जण आंतरराष्ट्रीय स्पर्धेला. या सगळ्याची राष्ट्रीय जबाबदारी मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा सेंटरकडे, जुने पेपर त्यांच्या साइटवर फुकट आहेत, एक रुपया खर्च न करता. तारखा, नियम दरवर्षी थोडे हलतात म्हणून तिथेच बघायचं, व्हॉट्सॲपवर आलेलं खरं धरू नका. बाजारात ज्या शंभर "ऑलिम्पियाड" परीक्षा शाळांतून मेडल वाटतात त्या या नव्हेत, नाव सारखं आहे एवढंच. आणि हे पण आत्ताच सांगतो, या वाटेने गेलेल्या बहुतेक मुलांना शेवटचं टोक गाठता येत नाही. माझ्याकडून १८ वर्षांत आयएनएमओपर्यंत फक्त तिघं गेली, कॅम्पला एकही नाही. तरी रविवार मी बंद केलेला नाही. त्या तिघांतला एक सीएमआयला, म्हणजे चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटला गेला, गणितातच आहे. बाकीच्यांपैकी कोणी सीए झालं, एक मुलगी कॉम्प्युटरमध्ये, एक पोरगा शेती करतो आणि ठिबकचे हिशोब असे करतो की इंजिनिअरने वही मागावी.

मुलींवरून आठवलं. प्रश्न मुलाचा आहे तरी लिहितो, वाचणाऱ्यांत मुलींचे आईबाप असतील. आठवीपर्यंत माझ्याकडे निम्म्या मुली असतात, नववीत चार उरतात, अकरावीत एखादी. हुशारी कमी होत नाही हो, संध्याकाळी उशीर होतो, लांब पडतं, भावाचा क्लास आहे. मुलींसाठी युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिम्पियाड नावाची वेगळी स्पर्धा आहे, भारत त्यात २०१५ पासून चार मुलींची टीम पाठवतो, हे घरात सांगा, कधीकधी एवढ्यानेही परवानगी मिळते.

आणि एक, गणितात चमकणारं पोर वाचताना अक्षरं उलटसुलट करत असेल, लिखाण भयंकर असेल, तर त्याला आळशी म्हणून झोडू नका, डिस्लेक्सिया डिसग्राफिया असू शकतो, आणि हुशार पोरं ते इतकं छान लपवतात की कोणाला दहावीपर्यंत कळत नाही. तपासून घ्या, बोर्डाकडून जादा वेळ वगैरे सवलती मिळतात. तुमच्या मुलाचं तसं वाटत नाही, तुम्ही पाठवलेल्या वहीच्या फोटोत अक्षर सुंदर आहे, नुसतं कमी आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न सोबतीचा. नाशिक पुण्यात रविवारचा कट्टा जमतो, तालुक्याच्या गावात काय करणार. पण बघा, दहा नको, दोन पुरतात. शेजारच्या शाळेतला एखादा आठवीतला, एखादी सातवीतली. महिन्याला एक गणित शाळेच्या फळ्यावर लिहायचं, महिनाभर तिथेच ठेवायचं, जो चांगली सिद्धता आणेल त्याची नावासकट तिथे चिकटवायची. हंगेरीत १८९४ पासून एक मासिक हेच करत आलंय, शाळेतल्या एका शिक्षकाने सुरू केलेलं, आणि त्या छोट्या देशातून किती गणिती निघाले बघा. बाईंनाच हे सुचवा, आणि कल्पना त्यांची म्हणून होऊ द्या. कदाचित त्यांचं आणि पोराचं बिनसलेलं पण जुळेल.

घरात तुम्ही दोघं काय करू शकता, तुम्ही लिहिलंय की "आमचं गणित दहावीपर्यंतच". उत्तम आहे, तुम्हाला उत्तर माहीत नसणं फायद्याचंच आहे, जीभ शिवशिवणार नाही. तीन प्रश्न विचारत राहा, हे तुला कसं कळलं, हे नेहमीच होतं का, आणि दुसऱ्या रीतीने येईल का. तो समजावताना तुम्हाला नाही कळलं तर खुशाल नाही कळलं म्हणा. पाहुण्यांसमोर त्याला गुणाकार विचारणं आजपासून बंद. तो दोन दिवस अडकून चिडला, रडला, वही फेकली तर घाबरू नका आणि यूट्यूबवर उत्तर शोधून देऊ नका, खेळायला पाठवा, गणित कुठे पळून जात नाही. माझी ती सातवीतली मुलगी म्हणाली होती की तिला ते पोळ्या लाटताना सुचलं.

आजच सुरू करायचं तर १५ वालं द्या. तो पहिल्यांदा विचारेल, शून्य धरायचं का, ऋण संख्या चालतील का, एकटी संख्या चालेल का. तुम्ही म्हणा, तूच ठरव आणि काय ठरवलंस ते वर लिही. वही मात्र कोरी घ्या, चौकटीची नको, आणि त्यात शाळेतलं काहीही लिहायचं नाही असं त्याला सांगा. महिनाभराने वहीचे फोटो पाठवा, खाडाखोडीसकट, फेअर करून नको.